पायातली रक्तवाहिनी बंद : फुगा, बायपास की नुसतं चालणं?

शेवंती :
नमस्कार मंडळी. बाबांबद्दल विचारायचं आहे. वय ६९, एसटीत ड्रायव्हर होते. मधुमेह पंधरा वर्षांचा. विडी चाळीस वर्षं ओढली, तीन वर्षांपूर्वी सोडली असं ते म्हणतात.

गेल्या दिवाळीपासून बाबा देवळात जाताना वाटेत थांबायला लागले. आधी किराणा दुकानापाशी, मग सायकलवाल्यापाशी. विचारलं की म्हणायचे, चार शब्द बोलायला थांबतो. एकदा मी मागून येत होते, दुकान बंद आणि बाबा शटरकडे बघत उभे! तेव्हा पकडले गेले. उजवी पोटरी आवळून येते, दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की सुटते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा धरते. घरापासून विजेचे चार खांब, त्यापुढे नाही.

वात झाला, कंबर झाली, मणका झाला. एमआरआयचे पैसे गेले. शेवटी एका डॉक्टरांनी मोजे काढायला लावून पायाची नाडी बघितली, सहा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी पायाला हात लावला. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबावरून काढलेला आकडा उजवीकडे ०.६१, डावीकडे ०.८८. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत, उजव्या मांडीतली रक्तवाहिनी एका ठिकाणी पूर्ण बंद. जखम नाही, रात्री दुखत नाही.

एक डॉक्टर म्हणतात याच आठवड्यात अँजिओप्लास्टी करू, म्हणजे नळीवरचा फुगा आत फुगवून वाहिनी उघडू, आणि औषध लावलेला फुगा वापरू. दुसरे म्हणतात आधी तीन महिने चालवा. ज्याला चालता येत नाही त्याला औषध म्हणून चालणंच द्यायचं, हे मला काही झेपलं नाही. नेटवर एका पानावर लिहिलंय की त्या औषधी फुग्याने माणसं दगावतात, पुढच्या पानावर लिहिलंय की तसं काही नाही. कुणाचा अनुभव, कुणाचा अभ्यास असेल तर सांगा.

मुक्काम_पोस्ट :
रुमाल टाकून ठेवतो. सासऱ्यांचं अगदी हेच चाललंय, फक्त त्यांचं दुकान पानाचं आहे.

झणझणीत_रस्सा :
ताई, काळजी घ्या बाबांची. अवांतर : 'शिरा तुंबल्या' म्हटलं की मला आजही सत्यनारायणच आठवतो. आणि शाळेत आम्हाला रोहिणी आणि नीला होत्या. रोहिणी शुद्ध रक्त नेते, नीला अशुद्ध रक्त परत आणते. आमच्या वर्गात एक नीला होती बिचारी. वर्षभर काय काय ऐकलं असेल तिने.

खरीखुरी_नीला :
मी तुमच्या वर्गातली नव्हे, पण सगळं ऐकलंय. पुढचं बोला.

दगडू_देशमुख :
माझ्या मावसभावाला असंच व्हायचं, ती सायटिका निघाली. रोज सकाळी अनवाणी गवतावरून चालायचं आणि रात्री गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसायचं. तीन आठवड्यांत फरक.

धमनीवाला :
रक्तवाहिन्यांचीच शल्यचिकित्सा करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी दगडूराव. मधुमेह आहे आणि पायात रक्त कमी पोहोचतंय अशा माणसाला अनवाणी चालवू नका आणि गरम पाण्यात पाय तर अजिबात बुडवायला लावू नका. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असू शकते, भाजलेलं कळत नाही. संध्याकाळचं गरम पाणी, सकाळी फोड, महिन्याभरात अंगठा काळा, असे पेशंट दर हिवाळ्यात येतात. गरम पाण्याची पिशवीसुद्धा नको.

आता मणका की रक्तवाहिनी. मणक्यातली नस दबली असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही, माणूस बसतो किंवा पुढे वाकतो तेव्हा त्याला बरं वाटतं. असा माणूस मॉलमधल्या ट्रॉलीवर रेलून तासभर फिरेल, सायकलही चालवेल. रक्तवाहिनीचं दुखणं उभं राहिलं की दोन-पाच मिनिटांत जातं आणि दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर येतं. शेवंतीताईंच्या बाबांनी खांब मोजून निदान स्वतःच केलं होतं, आपण डॉक्टर लोकांनी ऐकलं नाही.

तो आकडा म्हणजे घोट्याचा वरचा रक्तदाब भागिले दंडाचा वरचा रक्तदाब. पट्टा घोट्यावर बांधतात, पेनाएवढा डॉपलर पायाच्या नाडीवर जेल लावून धरतात, पट्टा फुगवला की 'फुस् फुस्' आवाज थांबतो, हवा सोडताना जिथे परत येतो तो आकडा. ०.९० किंवा त्याखाली आजार धरतात. मधुमेह्यांमध्ये एक फसगत असते. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती कडक होते, पट्ट्याने दबतच नाही, आणि आकडा १.४०च्या वर जातो. घरचे म्हणतात, वा, भरपूर आहे की! अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं : चालताना पोटरी धरणं वेगळं आणि बसल्याजागी, रात्री पाऊल ठणकणं किंवा न भरणारी जखम असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात पाय वाचवायचा असतो, तिथे थांबायचं नाही. पहिल्यात वेळ असतो. बाबा सध्या पहिल्यात आहेत.

शेवंती :
धन्यवाद डॉक्टर. गरम पाण्याची पिशवी आत्ताच कपाटात वर टाकली. आई रोज देत होती.

श्टुटगार्टची_ठमी :
आमच्या जर्मनीत या दुखण्याला 'शाउफेन्स्टरक्रांकहाइट' म्हणतात, म्हणजे दुकानाच्या काचा बघण्याचा आजार! लोक बाबांसारखेच थांबतात, आणि लाज वाटू नये म्हणून काचेतल्या वस्तू बघत असल्याचं दाखवतात. शटर वाचून मी मोठ्याने हसले आणि मग वाईटही वाटलं. डॉक्टरी नाव क्लॉडिकेशन, लॅटिनमधल्या लंगडण्यावरून. रोमन सम्राट क्लॉडियसचं नाव त्याच मुळातलं, आणि तो खरोखरच लंगडायचा.

आणि हो, चालण्याचे चक्क वर्ग असतात इथे. माझे शेजारी, ७४ वर्षांचे, आठवड्याला जातात. शिक्षक शिट्टी वाजवतो, म्हातारे चालतात, दुखलं की भिंतीला टेकून उभे, पुन्हा शिट्टी.

झणझणीत_रस्सा :
म्हणजे पीटीचा तास. पेन्शनीत पीटी.

वेताळ_पंचवीस :
मी डॉक्टर नाही, औषधं विकायचो, त्यामुळे या लायनीतली चलाखी थोडी बघितली आहे. औषधी फुग्याचा इतिहास सांगतो.

साधा फुगा फुगवून धमनी उघडली की काही महिन्यांत आतून पेशी वाढून ती पुन्हा अरुंद होते. म्हणून फुग्यावर पॅक्लिटॅक्सेल लावलं. हे मूळ कर्करोगाचं औषध, पेशींची वाढ रोखतं. रक्तवाहिनी जास्त काळ उघडी राहते हे दिसलं आणि सगळीकडे धूमधडाका सुरू झाला. २०१८च्या डिसेंबरात अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून एक निबंध आला : मांडीत ही उपकरणं वापरलेल्यांमध्ये दोन आणि पाच वर्षांनी मृत्यू जास्त. हाहाकार. २०१९ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने, इशारा दिला. मग २०२०च्या अखेरीस स्वीडनच्या मोठ्या चाचणीचे, स्वीडपॅडचे, २२८९ रुग्णांचे अंतरिम आकडे आले, त्यात मृत्यूत फरक दिसला नाही. २०२३ मध्ये एफडीएने इशारा मागे घेतला. ताई, तुमची दोन्ही पानं आपापल्या तारखेला खरी होती.

पण गंमत पुढे आहे. स्वीडपॅडचे पूर्ण निकाल २०२५ मध्ये आले. पाय जायच्या बेतात असलेल्यांमध्ये औषधी फुग्याने वा स्टेंटने (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) पाय कापण्याचं प्रमाण कमी झालं नाही, आणि नुसती पोटरी धरणाऱ्यांचं जगणं वर्षभराने जास्त सुखाचं झालं नाही. म्हणजे इतकी वर्षं मारतो का मारतो का यावर भांडलो आणि पेशंटला काय मिळतं हा प्रश्न मागच्या बाकावर. 'या आठवड्यातच' म्हणणाऱ्या डॉक्टरांना हे विचारा.

धमनीवाला :
वेताळभाऊ, मांडणी बरीचशी बरोबर, पण एक जोडतो. ज्या पायातली वाहिनी पुन्हा पुन्हा बंद होते त्यात पुढची अँजिओप्लास्टी टळणं यालाही पेशंटच्या लेखी किंमत असते. आणि सगळे घाई करणारे डॉक्टर विक्रेते नसतात. लोक येऊन सांगतात, "डॉक्टर, चालायला सांगू नका, काहीतरी करा."

वेताळ_पंचवीस :
सगळे नसतात हे मान्य. काही असतात हेही तुम्ही मान्य करा, मग चहा घेऊ.

धमनीवाला :
चहा घेऊ.

गोदाकाठ :
फुग्याचा विषय निघालाच आहे तर मूळ कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अँजिओप्लास्टी म्हटलं की सगळ्यांना हृदय आठवतं, पण जगातली पहिली झाली ती पायात. १६ जानेवारी १९६४, अमेरिकेत ओरेगॉन राज्यातलं पोर्टलंड. लॉरा शॉ, वय ८२, पायाची बोटं काळी पडलेली. सर्जन म्हणाले पाय कापू, बाई म्हणाली नाही कापायचा. मग तिला चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टकडे पाठवलं. हा इसम पक्का अवलिया, लोक 'क्रेझी चार्ली' म्हणायचे. गिटारच्या तारा आणि गाडीच्या स्पीडोमीटरची केबल घेऊन वायर बनवायचा. फुगा नव्हताच तेव्हा. मांडीतल्या अरुंद जागेतून आधी बारीक नळी, तिच्यावरून जाड नळी सरकवली, बस्स. काही मिनिटांत थंडगार पाऊल गरम झालं. बाई त्यानंतर दोन-अडीच वर्षं जगली, आणि स्वतःच्या दोन पायांवर चालत. अमेरिकेतल्या सर्जनांनी त्याला वर्षानुवर्षं दारात उभं केलं नाही, युरोपात मात्र शिष्य मिळाले. त्यातूनच झुरिकच्या ग्रुंट्सिगने १९७४ मध्ये पायात फुगा वापरला आणि १९७७ मध्ये हृदयात.

त्याही आधीचा एक फुगा आहे. थॉमस फोगार्टीने रक्ताची गुठळी ओढून काढायला नळीच्या टोकाला रबरी हातमोज्याचं बोट बांधलं. गोंद टिकेना, तेव्हा मासे पकडायच्या गळाला दोऱ्याने कृत्रिम माशी बांधतात तशा गाठी मारून बांधलं. कोकणात जन्मला असता तर गरी आणि दोरा घेऊनच आला असता!

झणझणीत_रस्सा :
गोदाकाठ, हा स्वतंत्र लेख करा. इथे दडपून टाकू नका.

निसर्गमित्र_७१ :
इतकी चर्चा, पण कीलेशनचं कुणी नाव घेईना. सलाईनमधून ईडीटीए नावाचं रसायन देतात, धमनीतलं कॅल्शियम धुऊन निघतं. बायपास टळतो. माझ्या ओळखीतल्या तिघांनी तीस-तीस बाटल्या घेतल्या, ठणठणीत आहेत. फार्मा कंपन्यांना हे नकोच असतं.

वेताळ_पंचवीस :
कंपन्यांवर माझा किती विश्वास आहे ते वर दिसलंच. पण कीलेशनची मोठी चाचणी सरकारी पैशातून झाली, कंपनीच्या नव्हे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले मधुमेही, हजार रुग्ण, ४० सलाईनपर्यंत. २०२४ मध्ये निकाल आला : रक्तातलं शिसं कमी झालं, पण झटके-मृत्यू कमी झाले नाहीत. फुग्याला जसा पुरावा मागतो तसा बाटलीलाही मागायला हवा. तुमचे तिघे आणखी तीस वर्षं ठणठणीत राहोत.

निसर्गमित्र_७१ :
ज्याचं त्याला. मी बाहेर पडतो या धाग्यातून.

(दहा प्रतिसादांनंतर ते परत आलेच, एवढंच नोंदवून ठेवते. – खरीखुरी_नीला)

बांधावरचा :
मी फारसं लिहीत नाही. माझा थोरला भाऊ, ऊसतोडीला जायचा. चौतिसाव्या वर्षी पायाची करंगळी काळी पडली. मधुमेह नाही, कोलेस्टेरॉल नाही. विडी रोज दोन बंडलं. डॉक्टर म्हणाले बर्जर रोग, विडी-तंबाखू सोडली तर थांबेल, नाही सोडली तर मी काही करू शकत नाही. करंगळी काढली. तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर, पायाला पट्टी, टपरीच्या बाकावर बसून विडी पेटवताना मी स्वतः बघितला. मी काही बोललो नाही, बाजूला बसलो. दोन वर्षांनी गुडघ्याखालून पाय गेला. त्यानंतर सोडली. आता जयपूर फूटवर चालतो, बैल विकले, किराणा टाकलाय.

शेवंतीताई, 'सोडली असं ते म्हणतात' हे वाक्य मला खटकलं, म्हणून लिहिलं.

शेवंती :
बांधावरचा, तुमचं वाचून काही वेळ लिहिता आलं नाही.

धमनीवाला :
बर्जरमध्ये मोठ्या धमन्या नव्हे तर पावलाच्या बारीक वाहिन्या सुजून बंद होतात, त्यामुळे फुगा-बायपासला जागाच मिळत नाही. तंबाखू पूर्ण सोडणं हाच खरा उपाय, आणि मिशरी, गुटखा यांनाही सूट नाही. बेंगळुरूच्या एका कंपनीच्या मूलपेशींच्या इंजेक्शनला २०२० मध्ये आपल्याकडे पाय धोक्यात असलेल्या रुग्णांसाठी परवानगी मिळाली आहे, ती पोटरीच्या स्नायूत देतात. काहींच्या जखमा भरतात. पण विडी चालू ठेवून त्याची आशा धरू नये.

एडिसनची_मावशी :
इथे न्यू जर्सीत माझ्या यजमानांचा पाय रात्री ठणकायचा, ते पाय खाटेखाली लोंबत ठेवून झोपायचे. पाय खाली सोडला की रक्त उतरतं म्हणून बरं वाटतं, हे आम्हाला नंतर कळलं. टाचेला जखम झाली. एक डॉक्टर म्हणाले बायपास, दुसरे फुगा. मुलगा दोन शोधनिबंध घेऊन बसला. एकात बायपास जिंकला, एकात फुगा! असं कसं?

धमनीवाला :
मावशी, आमच्या परिषदांतही यावर आवाज चढतात. २०२२ची बेस्ट-सीएलआय चाचणी, १८३० रुग्ण. पायाची स्वतःची लांब शीर (बायपासमध्ये बंद जागेला वळसा घालायला तीच वापरतात) चांगली असेल तर बायपासवाल्यांत पायावरचं मोठं संकट किंवा मृत्यू ४३ टक्के, फुगा-स्टेंटवाल्यांत ५७. पुढच्याच वर्षी ब्रिटनची बेसिल-२, ३४५ रुग्ण, गुडघ्याखालच्या वाहिन्या. तिथे पाय कापणं किंवा मृत्यू बायपासमध्ये ६३ टक्के, फुग्यात ५३. रुग्ण वेगळे, वाहिन्यांची पातळी वेगळी, कशाला अपयश मानायचं तेही वेगळं. पहिल्या चाचणीत पुन्हा करावी लागलेली मोठी शस्त्रक्रियाही अपयशात धरली होती, दुसरीत नाही. म्हणून मी आधी मांडीची शीर सोनोग्राफीत बघतो. ती जाडजूड, सलग असेल आणि माणूस भूल झेपवणारा असेल तर बायपासचा विचार. हृदयाच्या बायपासला ती आधीच वापरून टाकलेली असली की प्रश्नच मिटतो.

एडिसनची_मावशी :
त्यांची शीर हृदयालाच गेली होती. फुगा केला. जखम पाच महिन्यांत भरली.

शेवंती :
मूळ प्रश्नावर येऊ का? चालणं. दुखत असताना चालायचं म्हणजे नुकसान होत नाही का?

धमनीवाला :
क्लॉडिकेशनमध्ये नाही. ही गोष्ट जुनी आहे, १९६६ मध्ये डेन्मार्कमध्ये चिठ्ठ्या टाकून केलेली छोटी चाचणी झाली होती : रोज चालणारे सुधारले, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणारे नाही. २०१२ची क्लेव्हर ही अमेरिकन चाचणी घ्या. पोटातून मांडीकडे येणारी वाहिनी अरुंद असलेले १११ रुग्ण, ट्रेडमिलवर किती वेळ चालता येतं ते मोजलं. सहा महिन्यांनी देखरेखीखाली चालणाऱ्यांची वाढ ५.८ मिनिटं, स्टेंटवाल्यांची ३.७, नुसत्या औषधांची १.२. 'तुम्हाला कसं वाटतं' या प्रश्नावर मात्र स्टेंटवाले पुढे होते. हॉलंडची २०१५ची एक चाचणी म्हणते की फुगा आणि चालणं दोन्ही केलं तर नुसत्या चालण्यापेक्षा वर्षभराने बरं.

बाबांसाठी पद्धत : पोटरी धरेपर्यंत नव्हे, बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं. मग उभं राहायचं, पूर्ण शमू द्यायचं, पुन्हा चालायचं. थांबे धरून अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, बारा आठवडे. रमतगमत, दुखू न देता चालल्याने काही होत नाही हेही २०२१च्या एका चाचणीत दिसलंय. चालण्याने बंद धमनी उघडत नाही. स्नायू कमी प्राणवायूत काम करायला शिकतो, बारीक वाहिन्या जास्त सैलावतात, चाल सुधारते.

आणि चालण्याआधी हृदय तपासून घ्या. ज्याच्या पायात आहे त्याच्या हृदयात असण्याची शक्यता दांडगी. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन, रक्त पातळ ठेवणारी गोळी, साखर आटोक्यात ठेवणं, हे सगळं पायापेक्षा जीव वाचवण्यासाठी असतं. सिलोस्टॅझॉलने अंतर थोडं वाढतं, पण हार्ट फेल्युअर असेल तर ती गोळी चालत नाही, स्वतःच्या मनाने घेऊ नका.

ता. क. पाय अचानक पांढरा पडला, गार झाला, बधिर झाला, हलेना, तर चालणं वगैरे विसरा. तासांचा खेळ असतो, थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

एडिसनची_मावशी :
इथे ते वजन कमी करायचं साप्ताहिक इंजेक्शनही देताहेत.

धमनीवाला :
सेमाग्लुटाइड. २०२५ची स्ट्राइड चाचणी, मधुमेही आणि पोटरी धरणारे ७९२ रुग्ण, वर्षभराने चालण्याचं अंतर साधारण १३ टक्के जास्त. मधुमेहासाठी तसंही द्यायचं असेल तर चांगलंच. नुसत्या पायासाठी खिसा रिकामा करावा का, याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं.

निसर्गमित्र_७१ :
चालणं फुकट आहे, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.

खरीखुरी_नीला :
आले!

मुक्काम_पोस्ट :
सासऱ्यांना सांगितलं दुखेपर्यंत चाला. ते म्हणाले, तुझ्या बोलण्यानेच दुखायला लागलं.

शेवंती :
साडेचार महिन्यांनी लिहितेय. धागा वर काढल्याबद्दल माफी.

हृदय तपासलं, स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन सुरू केलं. 'या आठवड्यातच' वाल्या डॉक्टरांना स्वीडनचं विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, चालवून बघा, तीन महिन्यांनी या. चांगले निघाले, उगाच राग धरला होता.

पहिले तीन आठवडे घरात महाभारत. "दुखतंय तर चाल म्हणतेस, बापाची पोरगी आहेस का फौजदार?" मग त्यांच्याच एका जुन्या कंडक्टर मित्राला बरोबर लावलं. ते पुढून घंटी मारल्यासारखे "डबल बेल!" ओरडतात आणि बाबा निघतात, दुखलं की "सिंगल!" म्हणून थांबतात. अख्खी गल्ली बघते. चार खांबांचे अकरा झाले आहेत. परवा उजवीकडचा आकडा पुन्हा घेतला, ०.६३. म्हणजे धमनी होती तिथेच आहे, डॉक्टर म्हणाले होते तसं.

किराणावाल्या काकांनी आईला विचारलं, हल्ली थांबत नाहीत, काही चुकलं का आमचं?

बांधावरचा :
छान. विडीचं काय?

शेवंती :
स्कूटरच्या डिकीत सापडली. अर्धं बंडल, पियूसीच्या कागदात गुंडाळलेलं. मित्राकडचं आहे म्हणाले. मित्र म्हणाले बाबांचं आहे. दोघंही आता माझ्याशी बोलत नाहीयेत, पण चालायला जातात.

झणझणीत_रस्सा :
डबल बेल.